नर्स अधिकाऱ्याच्या हाताखाली नसते, ती स्वतःच अधिकारी असते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी फार वर्षांपासून वाचतेय, आधी कागदावर वाचायचे आणि अमेरिकेत आल्यापासून मोबाईलवर, तो पण बहुतेक नाइट ड्युटीच्या ब्रेकमध्ये. पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही थोडं भांडायला म्हणूनच, राग मानू नका. परिचारिका दिनाच्या पुरवणीत सैन्यातल्या नर्सवर लेख छापलात, चांगला होता, फोटोही छान, पण त्यात एक वाक्य असं होतं की लष्करी हॉस्पिटलात या भगिनी 'अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहून अहोरात्र सेवा करतात'. अहो, त्या स्वतःच अधिकारी असतात! भारतात मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जी मुलगी जाते ती लेफ्टनंट म्हणून जाते, खांद्यावर स्टार लावून, आणि हे आजचं नाही, १९४३ च्या वटहुकमापासूनचं आहे. १९७६ साली गर्ट्रूड अ‍ॅलिस राम मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यात त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या बाई, आणि त्या नर्स होत्या. डॉक्टर नव्हे, नर्स. हे लेखात यायला हवं होतं असं मला वाटतं, आणि एवढ्यासाठी मी चिडले कारण सध्या मी स्वतः त्याच भानगडीत पडलेय.

मी आयसीयूमध्ये नर्स आहे, १४ वर्षं झाली. वय ३९. इथल्या आर्मी रिझर्व्हमध्ये नर्स म्हणून माझं सिलेक्शन झालंय, शपथ झालीय, आणि आता ऑफिसर ट्रेनिंगची तयारी चाललीय. घरी फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, 'तिथे जाऊन पण सलाइनच लावणार ना, मग इथे काय वाईट होतं?' दुसरा प्रश्न, बंदूक देणार का. तिसरा कुणी विचारलाच नाही कारण तोवर सगळे एकदम बोलायला लागले होते.

रिझर्व्ह म्हणजे काय ते आधी सांगते, कारण अनेकांना वाटतं की नोकरी सोडून सैन्यात गेली. तसं नाही. नोकरी चालूच राहते. महिन्यातून एक वीकेंड युनिटमध्ये जायचं, त्याला आर्मी रिझर्व्हमध्ये बॅटल असेंब्ली म्हणतात, नाव ऐकून छाती धडधडते पण निम्मा वेळ कागदपत्रं, लसी आणि ऑनलाइन ट्रेनिंग यातच जातो. शिवाय वर्षातून साधारण दोन आठवड्यांचं सलग ट्रेनिंग. आणि गरज पडली की बोलावणं, ते मात्र नाही म्हणता येत नाही. एकदा सही केली की एकूण आठ वर्षांची बांधिलकी असते, म्हणून कर्ज फिटेल, इन्शुरन्स स्वस्तात मिळेल एवढ्यासाठीच कुणी जात असेल तर मी म्हणेन दोनदा विचार कर बाई. आमच्याकडची एक नर्स २०२० च्या एप्रिलमध्ये चार दिवसांच्या नोटिशीवर गेली, ती रिझर्व्हमध्ये आहे हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना तेव्हाच कळलं. त्या वेळी आर्मी रिझर्व्हने ८५-८५ जणांच्या मेडिकल टीम बनवून कोविडसाठी शहरांमध्ये पाठवल्या होत्या. त्यात एक गोम होती ती पण सांगायला हवी, रिझर्व्हमधली नर्स ही आधीच कुठल्या तरी हॉस्पिटलात नोकरी करत असते, तिला उचलून दुसरीकडे लावलं की या खिशातले पैसे त्या खिशात. यावर तेव्हा आमच्या ब्रेकरूममध्ये बरीच वादावादी झाली होती आणि मी तेव्हा विरोधी बाजूने बोलत होते, आज बघा.

आता मुद्द्यावर येते, रँकचा मुद्दा. तुम्हाला वाटेल एका शब्दावरून एवढं काय, हाताखाली म्हणलं काय आणि बरोबर म्हणलं काय. पण हा शब्द बदलायला नर्सना पन्नास वर्षं लागलीत. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध झालं, त्यात गोळ्यांपेक्षा जास्त सैनिक रोगराईने गेले, टायफॉइडने तर छावण्याच्या छावण्या आडव्या झाल्या, तेव्हा घाईघाईने कंत्राटी नर्स आणल्या. त्यांचं काम बघून १९०१ च्या २ फेब्रुवारीला आर्मी नर्स कोअर सुरू झाली. पण रँक नाही. म्हणजे सैन्यात आहेत पण ना शिपाई ना अधिकारी, अधांतरी. पहिल्या महायुद्धात वीस हजारांच्या वर नर्स होत्या आणि तिथे झालं असं की वॉर्डमधले ऑर्डर्ली, म्हणजे मदतनीस शिपाई, त्यांचं ऐकेनात. नर्स म्हणतेय याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, तो म्हणतोय तू कोण सांगणारी, तुझ्या खांद्यावर काय आहे? यात पेशंटचे हाल. म्हणून युद्ध संपल्यावर नर्सनी रँक मागितली. मिरवायला नाही, सांगितलेलं काम व्हावं म्हणून.

१९२० मध्ये मिळाली ती 'रिलेटिव्ह रँक'. म्हणजे बिल्ला मिळाला, लेफ्टनंटपासून मेजरपर्यंत, पण त्याच रँकच्या पुरुषाचा पगार नाही आणि पुरते अधिकारही नाहीत. लग्नात नवऱ्याच्या मित्राला मानपानाचा फेटा बांधतात ना, तसलं. पुरतं कमिशन, म्हणजे खरंखुरं अधिकारीपद, दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा तात्पुरतं मिळालं आणि कायमचं १९४७ च्या कायद्याने. आणि गंमत पुढे आहे, पुरुष नर्सना हे बायकांच्याही नंतर मिळालं. एडवर्ड लायन हे पहिले पुरुष नर्स ज्यांना आर्मी नर्स कोअरमध्ये कमिशन मिळालं, साल १९५५, आणि ते मिळालं ते रिझर्व्हमध्येच. आमच्या युनिटमध्ये आज मेल नर्स इतके आहेत की हे त्यांना सांगितलं तर खोटं वाटतं.

बरं आता माझं. नर्सला रिझर्व्हमध्ये घेतात ते डायरेक्ट कमिशनने, म्हणजे थेट अधिकारी म्हणून, डॉक्टर, वकील, पाद्री यांना घेतात तसं. बीएससी नर्सिंगची डिग्री लागते, लायसन्स लागतं, मेडिकल होते, मग फाइल निवड करणाऱ्या बोर्डापुढे जाते. या फाइलला सगळे पॅकेट म्हणतात आणि ते पॅकेट करता करता माणूस अर्धा होतो. सिक्युरिटीच्या फॉर्ममध्ये दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात ते सगळं लिहायचं, परदेशातले आई-वडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे यांच्या जन्मतारखा आणि पत्ते द्यायचे. आईला फोन करून तारीख विचारली तर ती म्हणते खरी सांगू का शाळेतली? आता हे मी त्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहू. रिक्रूटरला समजावून सांगायला मला पाऊण तास लागला की आमच्याकडे त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजी अंदाजाने तारीख टाकायचे आणि यात देशद्रोह काही नाही.

बोर्ड अनुभव बघून रँक ठरवतं. नवी पासआउट असेल तर सेकंड लेफ्टनंट, अनुभव असेल तर वरची. मला फर्स्ट लेफ्टनंट मिळाली. कामाप्रमाणे कोड असतात, ६६एच म्हणजे मेड-सर्ज (मेडिकल-सर्जिकल वॉर्ड), ६६एस म्हणजे क्रिटिकल केअर, ६६ई म्हणजे ऑपरेशन थिएटर, अशी ओळख तिथे चालते. मग महिनोन्महिने वाट बघायची, आणि एक दिवस फोन येतो की झालं, शपथ कधी घेताय.

शपथेचं एक सांगते जे मला आधी माहीत नव्हतं. साधा सैनिक भरती होताना जी शपथ घेतो तिच्यात राष्ट्राध्यक्षांचे आणि वरिष्ठांचे हुकूम पाळीन असं वाक्य असतं. ऑफिसरच्या शपथेत ते नसतं. फक्त राज्यघटनेचं रक्षण आणि पदाचं काम नीट करीन एवढंच. याचा अर्थ ऑफिसरने हुकूम पाळायचे नाहीत असा नाही हं, पण मी ते दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचले तेव्हा थोडं पोटात गोळा आल्यासारखं झालं, कारण 'वरून सांगितलं म्हणून केलं' ही पळवाट या कागदात ठेवलेलीच नाही. आयसीयूत आपण डॉक्टरची ऑर्डर चुकीची वाटली तर फोन करून विचारतो, डोस जास्त वाटतोय सर, बरोबर आहे ना? तसंच हे, पण फोन उचलणारं कुणी नसताना.

आणि डायरेक्ट कमिशनची उलटी तऱ्हा अशी की रँक आधी मिळते, ट्रेनिंग नंतर. म्हणजे आधी लग्न मग कांदेपोहे. मी शपथ घेतली त्या दिवशी मी कायद्याने ऑफिसर झाले आणि मला सॅल्यूट करता येत नव्हता. यूट्यूबवर बघून आरशासमोर शिकले, मुलगा मागून हसत होता. पहिल्या बॅटल असेंब्लीला पार्किंगमधून चाललेय, उजव्या हातात कॉफी, डाव्यात बॅग, खांद्याला दुसरी बॅग, आणि समोरून एक सार्जंट आला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा असेल, आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला. मी काय केलं? मी मान वाकवून 'गुड मॉर्निंग' म्हणलं आणि कॉफी सांडली. तो हसला नाही हे त्याचे उपकार. नंतर बाजूला येऊन हळूच म्हणाला, मॅम, उजवा हात कायम रिकामा ठेवायचा. तेव्हापासून बाजारात पिशव्या पण डाव्या हातात धरते.

इथे एक जुनी प्रथा आहे, नवा ऑफिसर आपल्याला पहिला सॅल्यूट करणाऱ्या सैनिकाला चांदीचा डॉलर देतो. मी तो महिनाभर शोधून विकत घेतला आणि याच सार्जंटला दिला. कॉफीचे पैसे वेगळे.

आता तयारीचं लिहिते कारण तुमच्या वाचकांमध्ये नर्सिंगच्या मुली खूप आहेत आणि कुठल्याही देशाच्या सैन्यात जायचं असलं तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल. सगळ्यात जास्त भीती वाटते फिटनेसची. आर्मीची टेस्ट २०२५ च्या जूनपासून बदलली, आता पाच प्रकार आहेत, तीन वेळा डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन उचलणं, हात जमिनीवरून सोडून मारायचे पुशअप, मग स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी, मग प्लँक म्हणजे कोपरांवर अंग ताठ धरून राहणं, आणि शेवटी दोन मैल पळणं. प्रत्येकात किमान ६० मार्क पाहिजेत, एकूण ३००, आणि पाचही प्रकार एकाच दिवशी. यात स्प्रिंट-ड्रॅग-कॅरी हा प्रकार ज्याने काढला त्याला माझा दुरून नमस्कार. ५० मीटरचे पाच फेरे, एकदा पळत, एकदा ९० पौंडांची स्लेज ओढत, एकदा खेकड्यासारखं आडवं, एकदा दोन्ही हातांत ४०-४० पौंडांचे केटलबेल घेऊन, आणि परत पळत. पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं आता माझंच हृदय बंद पडून कोड ब्लू होणार.

पण खरं सांगू का, नर्सला हे जमतं. डेडलिफ्ट म्हणजे काय, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, वजन अंगाजवळ, हेच आपण फर्स्ट इयरला पेशंट उचलायच्या प्रॅक्टिकलला शिकलोय आणि नंतर घाईत विसरलोय. १२ तासांच्या शिफ्टमध्ये पाय चालतच असतात. कमी पडतो तो दम. मी धावायला सुरुवात केली ती विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग दोन खांब, मग चार, शिफ्ट संपल्यावर नाही तर शिफ्टच्या आधी, कारण शिफ्टनंतर धावू म्हणणाऱ्या माणसाला मी ओळखते, ती मीच, आणि ती झोपते. सहा महिने लागले. एक सल्ला मात्र, नाइट करून आल्या आल्या जड वजन उचलू नका, माझी पाठ तीन आठवडे धरली होती आणि चूक सगळी माझीच.

दुसरं, नकाशा. ऑफिसर ट्रेनिंगमध्ये लँड नॅव्हिगेशन असतं, म्हणजे हातात कागदाचा नकाशा, होकायंत्र आणि प्रोट्रॅक्टर देऊन जंगलात सोडतात, जीपीएस नाही, आणि ठरलेल्या खुणा शोधून यायच्या. नकाशावरचे आकडे आधी उजवीकडे मग वर असे वाचायचे, सहा आकडे असतील तर १०० मीटरच्या चौकोनात पोचता, आठ असतील तर १० मीटरच्या. नकाशातली उत्तर आणि होकायंत्राची उत्तर एक नसते, त्यातला फरक हिशेबात घ्यावा लागतो. आणि स्वतःची पावलं मोजायची, १०० मीटरला आपला डावा पाय किती वेळा पडतो ते पाठ पाहिजे. माझी ७१. चढावर वाढतात, अंधारात पण वाढतात. मला हे आवडायला लागलंय, का ते सांगते, हा सगळा ड्रिप रेटसारखा हिशेब आहे, छोटी चूक सुरुवातीला दिसत नाही आणि तासाभराने भलतीकडे पोचवते.

तिसरं मात्र कुठल्याच जिममध्ये शिकवत नाहीत, आणि मी जे भांडतेय ते याच्यावरूनच. युनिटमध्ये एका वीकेंडला सराव होता. जखमी उचलायचे, स्ट्रेचरवर घालायचे, तपासायचे, कुणाला आधी पाठवायचं ते ठरवायचं आणि रेडिओवरून कळवायचं. मला टीमची प्रमुख केलं होतं. शिट्टी वाजली आणि मी काय केलं असेल, धावत गेले, गुडघ्यावर बसले, पहिल्या जखमीच्या पायाला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, लावला, अगदी कडक, वेळ पण लिहिली, मग स्ट्रेचरचा एक दांडा धरला आणि चला म्हणलं. मला वाटलं काय भारी काम केलं. मागून तोच सार्जंट, तोच कॉफीवाला, शांतपणे म्हणाला, 'मॅम, तो दांडा खाली ठेवा.' मी म्हणलं का? म्हणाला, तुम्ही एका पेशंटला धरून बसलात, बाकीचे सात कोण बघतंय? वळून बघितलं तर टीममधली चार पोरं माझ्याकडे बघत नुसती उभी. कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. आणि रेडिओ जमिनीवर पडलेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हे त्या एका सरावापुरतं नव्हतं, हे माझं १४ वर्षांचं वळण आहे. आपल्याकडे हॉस्पिटलात मावशी असतात, मामा असतात, त्यांना काम सांगायला गेलं की त्या म्हणतात सिस्टर थांबा जरा, चहा घेऊन येते, आणि आपण थांबत नाही, आपणच चादर बदलतो, आपणच भांडं देतो, आपणच ट्रॉली ढकलतो, कारण सांगण्यापेक्षा करून टाकणं सोपं. त्याचं कौतुक पण होतं, ती सिस्टर बघा किती कामाची, कुणाला काही सांगत नाही. आणि इथे येऊन मला कळलं की ऑफिसर म्हणून हाच माझा सगळ्यात मोठा दोष आहे. १९२० च्या बायका ज्या अधिकारासाठी भांडल्या, काम सांगण्याचा अधिकार, तो मला फुकटात मिळाला आणि मला तो वापरताच येईना. मला स्ट्रेचर उचलता येतं. चौघांना 'तुम्ही उचला' असं न लाजता म्हणता येत नाही.

म्हणून आता मी तयारीत हे घेतलंय, हसू नका. हॉस्पिटलमध्ये मी चार्ज नर्स, म्हणजे शिफ्टची प्रमुख, असते तेव्हा ठरवते की आज पहिला अर्धा तास कुठल्याही पेशंटला स्वतः हात लावायचा नाही, फक्त बघायचं, विचारायचं, वाटून द्यायचं. हात शिवशिवतात अक्षरशः. पंप वाजतो आणि पाय आपोआप वळतात. एका सहकारी मुलीने विचारलं पण, ताई, बरं नाहीये का? दुसरं म्हणजे वाक्य पूर्ण बोलायचं. 'जरा ते बघतेस का' नाही, 'बेड सातचा ब्लड गॅस आत्ता काढ आणि दहा मिनिटांत मला सांग'. यात उद्धटपणा नाही, पण मला पहिले कित्येक दिवस तो उद्धटपणाच वाटायचा आणि शेवटी 'प्लीज' चिकटवायचेच. अजून चिकटवते. सार्जंट म्हणतो प्लीज चालेल, प्रश्नचिन्ह नको.

ट्रायाजबद्दल, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याबद्दल, पण थोडं लिहायचंय. सिव्हिल हॉस्पिटलात सगळ्यात गंभीर पेशंट आधी, आपली सगळी ताकद त्याच्यावर. सैन्यात मोठ्या संख्येने जखमी आले की चार गट करतात, लगेच, थोडं थांबू शकणारे, किरकोळ, आणि चौथा गट ज्याला एक्स्पेक्टंट म्हणतात, म्हणजे आत्ता हातात जेवढं आहे तेवढ्यात वाचणार नाहीत असे. त्यांना वेदना कमी करणारं औषध द्यायचं, कुणीतरी जवळ ठेवायचं, आणि पुढे जायचं. आयसीयूच्या नर्सला हे शिकवणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर चाल म्हणण्यासारखं आहे, आमचं सगळं शिक्षणच शेवटच्या माणसाला सोडायचं नाही असं. कागदावरच्या सरावात मी एकाला चौथ्या गटात टाकायला तीन मिनिटं लावली आणि इन्स्ट्रक्टरने सांगितलं की या तीन मिनिटांत तुमचा दुसऱ्या नंबरचा गेला. कागदावरचाच होता, तरी मला त्याचा नंबर लक्षात आहे.

आणि जखमी कुणाचा आहे हे बघायचं नाही. १९४९ च्या जिनेव्हा करारात स्पष्ट आहे, कुणाला आधी बघायचं ते फक्त वैद्यकीय तातडीवर, शत्रूचा असेल तरी. त्याच करारात असंही आहे की नर्स-डॉक्टर स्वतःच्या आणि आपल्या पेशंटच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवू शकतात. तर घरच्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, पिस्तूल शिकवतात, आणि ते माझ्या पेशंटसाठी आहे. मग तो पेशंट समोरच्या बाजूचा का असेना.

नोकरीचं काय करायचं हे पण विचारतात. इथे १९९४ चा कायदा आहे, रिझर्व्हच्या ड्युटीसाठी गेलात तर मालकाला नोकरी राखून ठेवावी लागते. कायदा आहे म्हणून मॅनेजर खूश असते असं नाही. महिन्यातला एक वीकेंड गेला की ड्युटी चार्ट लावणारीच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्या शिफ्ट कुणीतरी मैत्रीणच करते. मी पूर्ण वर्षाच्या तारखा जानेवारीतच लिहून देते आणि सणावाराच्या शिफ्ट स्वतःहून घेते, त्याने जेवढं जमतं तेवढं जमतं. वीस वर्षं नीट केली तर साठाव्या वर्षी पेन्शन असते, माझ्या वयाला तो हिशेब करताना हसूच येतं.

एक गोष्ट मात्र इथल्या मराठी मुलींनी सही करायच्या आधी माहीत करून घ्या, मला ती उशिरा कळली. परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकारचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, मिळत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे आईला बघायला जायचं तरी व्हिसा काढून जायचं. हे मी घरी कसं सांगितलं त्यावर वेगळं पत्र होईल. आई गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली, म्हणजे पाहुणीसारखी येणार होय. मी हो म्हणलं. माझं चूक की बरोबर ते मला अजून कळलेलं नाही, पण कार्डाच्या रांगेत उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

माझं ट्रेनिंग टेक्सासला सॅन अँटोनिओच्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला आहे, आर्मीच्या सगळ्या मेडिकल लोकांना तिथेच शिकवतात, आणि फील्डचा भाग जवळच कॅम्प बुलिसला, जिथे म्हणे साप आणि निवडुंग दोन्ही भरपूर. वर्गात अर्धे लोक माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असतील. डेडलिफ्टला १२० पौंडांपासून सुरू केलं होतं, आता १८० उचलते. पुशअप अजून रडतखडत.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की जमलं तर एक ओळीची दुरुस्ती छापा. 'हाताखाली' च्या जागी 'स्वतः अधिकारी म्हणून' असं. आणि पुढच्या वर्षीच्या पुरवणीत भगिनी, देवदूत, सेवेची मूर्ती हे शब्द थोडे कमी करून त्या बाईची रँक तेवढी नावाआधी लावा, लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, जी असेल ती. माझं नाव छापू नका, युनिटला विचारल्याशिवाय नाव देऊन पेपरात लिहिणं बरं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, आयसीयू नर्स

ता. क. पत्र पाठवायच्या आधी नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, शेवटी विनंती कशाला करतेस, सांग की सरळ, दुरुस्ती छापा म्हणून. तर दुरुस्ती छापा. प्लीज.